बर्ड फ्लूची लस : प्रश्न टोचण्यापेक्षा पाळतीचा

नवी दिल्ली : गुजरातच्या सीमेलगतचे, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे तालुक्याचे गाव फेब्रुवारी २००६ मध्ये एका दिवसात देशभर माहीत झाले. तेथील पोल्ट्री शेडमधील मरतुकीमागे एच५एन१ हा विषाणू असल्याचे १८ फेब्रुवारीला जाहीर झाले आणि भारतातील बर्ड फ्लूची ती पहिली अधिकृत नोंद ठरली. पांढऱ्या पोशाखातील पथकांनी लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले, अंडी आणि खाद्य नष्ट केले. ज्या राज्यांत एकही कोंबडी आजारी नव्हती, तेथेही चिकनचे भाव कोसळले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच नवापुरात पुन्हा तसेच खड्डे खणावे लागले.

या काळात विषाणू कितीतरी बदलला. धोरण मात्र जवळपास तेच राहिले. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरच्या परिसरातील सर्व कोंबड्या-बदके नष्ट करायची, १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवायची, मालकाला भरपाई द्यायची आणि तिचा भार केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा, अशी त्याची ढोबळ रूपरेषा आहे. अतितीव्र स्वरूपाच्या बर्ड फ्लूविरुद्ध पक्ष्यांना लस टोचण्यास भारतात परवानगी नाही. ती असावी काय, हा प्रश्न कुक्कुटपालक गेली काही वर्षे विचारत आहेत. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने उद्योगाच्या प्रतिनिधींसोबत घेतलेल्या बैठकीत तो अधिकृतपणे पटलावर आला. कडक जैवसुरक्षा, वाढीव पाळत आणि पोल्ट्री फार्मची सक्तीची नोंदणी या त्रिसूत्रीवर तेथे एकमत झाले. लसीबाबत तज्ज्ञांनी एक मर्यादा पुढे ठेवली : आजच्या लसी आजार आणि विषाणूचे उत्सर्जन कमी करतात, संसर्ग पूर्णपणे रोखत नाहीत.

हे एक वाक्य सगळ्या वादाचे मूळ आहे. लस टोचलेली कोंबडी मरत नाही, आजारी दिसत नाही, अंडी देत राहते. परंतु तिच्या शरीरात विषाणू शिरू शकतो, थोडाफार वाढू शकतो आणि विष्ठेतून बाहेर पडू शकतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती वाचलेली कोंबडी असते. विषाणूच्या दृष्टीने ती प्रतिपिंडांनी भरलेली अशी जागा असते, जेथे त्या प्रतिपिंडांना चकवणारा एखादा उत्परिवर्ती प्रकारच तग धरू शकतो.

इन्फ्लूएंझा विषाणूची जनुकीय सामग्री आरएनएच्या आठ स्वतंत्र तुकड्यांत असते. तिची नक्कल करताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय विषाणूकडे नसते. त्यामुळे पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनिन हे प्रथिन, ज्याला प्रतिपिंडे प्रामुख्याने चिकटतात, हळूहळू बदलत जाते. शिवाय एकाच पक्ष्याला दोन वेगळ्या विषाणूंची लागण झाली, तर हे तुकडे पत्त्यांसारखे पिसले जाऊन नवा संकर तयार होतो. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील एका पाळीव हंसात सापडलेल्या एच५एन१चा वंशवेल याच दोन मार्गांनी वाढला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये त्याने १८ माणसांना गाठले आणि त्यांपैकी ६ जण दगावले. २००५ मध्ये चीनमधील छिंगहाई सरोवरावर हजारो वन्य पक्षी मेले आणि विषाणूने स्थलांतराचे हवाई मार्ग धरले. त्याची आज सर्वाधिक फैलावलेली शाखा, २.३.४.४बी या क्रमांकाने ओळखली जाणारी, २०२१ च्या अखेरीस अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत, पुढे दक्षिण अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०२४ पर्यंत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोहोचली. वाटेत तिने पेरूच्या किनाऱ्यावर हजारो सी लायन मारले, अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर १७ हजारांहून अधिक एलिफंट सीलची पिल्ले संपवली आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये दुभत्या गायींत आढळून सर्वांनाच चकित केले. जागतिक आरोग्य संघटनेकडे २००३ पासून एच५एन१ची लागण झालेल्या ९५० हून अधिक माणसांची नोंद आहे आणि त्यांपैकी जवळपास निम्मे दगावले आहेत.

लसीने हा फैलाव आटोक्यात येतो की विषाणूच्या बदलाला वेग मिळतो, याचे उत्तर शोधताना सर्वांत आधी चीनकडे पाहावे लागते. त्या एका देशात दोन्ही उत्तरे सापडतात.

पहिली हकिकत एच९एन२ची. हा सौम्य प्रकार. कोंबड्या क्वचित मरतात, पण अंडी घटतात. चीनने त्याविरुद्ध १९९८ पासून लसीकरण सुरू केले. लस होती, टोचली जात होती आणि तरीही विषाणू कोंबड्यांमध्ये फिरतच राहिला. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढचा घटनाक्रम उलगडला. २०१० नंतर एच९एन२चा एक विशिष्ट जनुकीय प्रकार कोंबड्यांत वरचढ ठरत गेला. तो जुन्या लसीच्या ओळखीपलीकडे गेलेला होता, म्हणून लसीकरण झालेल्या कळपांतही पसरत होता. तो सर्वत्र असल्यामुळे इतर विषाणूंशी त्याची गाठ पडण्याची शक्यता वाढली. २०१३ मध्ये माणसांत उद्भवलेल्या एच७एन९ या विषाणूचे आठपैकी सहा जनुकीय तुकडे एच९एन२चे होते. एच७एन९ कोंबड्यांत लक्षणे दाखवत नसे आणि जिवंत पक्ष्यांच्या बाजारांतून माणसांकडे येत असे. पुढील काही वर्षांत दीड हजारांहून अधिक लोकांना त्याची लागण झाली आणि जवळपास ४० टक्के दगावले. थोडक्यात, ज्या लसीने कोंबड्यांचा आजार झाकला, तिच्या छायेत माणसांवर बेतणाऱ्या विषाणूची सामग्री जमत होती.

दुसरी हकिकत त्याच एच७एन९ची आणि तिचा शेवट अगदी उलटा आहे. २०१६-१७ च्या पाचव्या लाटेत माणसांतील रुग्णसंख्या साडेसातशेच्या पुढे गेली आणि विषाणूने कोंबड्यांतही अतितीव्र रूप धारण केले. सप्टेंबर २०१७ पासून चीनने एच५ आणि एच७ या दोन्ही प्रकारांविरुद्धची संयुक्त लस देशभर कोंबड्यांना टोचण्यास सुरुवात केली. त्या पुढच्या हंगामात माणसांतील रुग्ण अवघे ३ आढळले आणि लवकरच एच७एन९ माणसांत दिसेनासाच झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात जनावरांना लस देऊन माणसांचा आजार इतक्या झपाट्याने आटोक्यात आल्याची उदाहरणे मोजकीच आहेत.

फरक कशाचा? हार्बिन येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत छन हुआलान यांच्या नेतृत्वाखालील गट बाजारांतून आणि फार्ममधून सतत नमुने गोळा करतो, नव्या विषाणूंची जुन्या लसीशी तुलना करतो आणि अंतर वाढले की लसीचे बीज बदलतो. २००४ पासून एच५ लसीचे बीज अनेकदा बदलले गेले आहे. यासाठी प्रयोगशाळेत प्रचलित विषाणूचे पृष्ठभागावरील प्रथिन घेऊन, त्यातील तीव्रतेला कारणीभूत असलेला भाग काढून टाकून, अंड्यांत चांगल्या वाढणाऱ्या एका निरुपद्रवी विषाणूच्या चौकटीत ते बसवले जाते. तंत्र आता नवे राहिलेले नाही. अवघड आहे ते कधी बदलायचे हे कळणे, कारण त्यासाठी विषाणू आज कोठे आणि कोणत्या रूपात आहे हे ठाऊक असावे लागते.

ज्यांना ते ठाऊक नव्हते, त्यांची अवस्था मेक्सिको आणि इजिप्त यांनी दाखवली. मेक्सिकोने १९९५ मध्ये एच५एन२ विरुद्ध लस वापरली आणि अतितीव्र प्रकार काही महिन्यांत नाहीसा केला. सौम्य प्रकार मात्र फिरत राहिला आणि बीज वर्षानुवर्षे तेच वापरले गेले. २००४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तेथील विषाणू तपासले, तेव्हा ते लसीच्या विषाणूपासून इतके दूर सरकले होते की लस टोचलेल्या कोंबड्या त्यांचे उत्सर्जन रोखू शकत नव्हत्या. इजिप्तमध्ये, २००६ मध्ये, कोंबड्यांच्या छतावरील खुराड्यांपासून मोठ्या फार्मपर्यंत विषाणू शिरला, लसीकरणाची मोहीम निघाली, पण परसातील पक्ष्यांपर्यंत ती नीट पोहोचली नाही आणि फार्ममध्ये अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या बीजांच्या लसी वापरल्या गेल्या. लसीला चकवणारी विषाणूची एक स्वतंत्र शाखाच तेथे तयार झाली. आजवर इजिप्तमध्ये ३५० हून अधिक माणसांना एच५एन१ची लागण झाली आहे.

इटलीतील पादुआ येथील पशुआरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये या निरीक्षणाला आकड्यांचा आधार दिला. लस वापरणाऱ्या इजिप्त व इंडोनेशियातील एच५एन१ आणि लस न वापरणाऱ्या नायजेरिया, तुर्कस्तान व थायलंडमधील एच५एन१ यांच्या जनुकीय बदलाचा वेग त्यांनी ताडून पाहिला. लस वापरणाऱ्या देशांत तो अधिक होता. यावरून लस दोषी ठरवण्याची घाई काहींनी केली. ती योग्य म्हणता येत नाही. ज्या देशांत विषाणू मुळातच खोलवर रुजलेला असतो, तेच लसीकडे वळतात आणि रुजलेला विषाणू कोठेही बदलतच असतो. तरीही दडपण आहे आणि त्याला विषाणू प्रतिसाद देतो, एवढे त्या अभ्यासाने निश्चित केले.

कुक्कुटपालकांच्या परिचयाचे आणखी एक उदाहरण या चर्चेत नेहमी येते. मरेक्स या रोगाची लस हॅचरीतच पिलांना दिली जाते; ती कोंबडीला वाचवते, संसर्ग थांबवत नाही. ॲन्ड्र्यू रीड, वेणुगोपाल नायर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रयोगाने दाखवले की, लस न दिलेल्या कोंबड्यांत अतिजहाल विषाणू त्यांना इतक्या लवकर मारतो की पसरायला त्याला वेळच मिळत नाही. लस दिलेल्या कोंबड्या मात्र जगतात आणि तोच जहाल विषाणू आठवडेच्या आठवडे पसरवत राहतात. बर्ड फ्लूच्या बाबतीत असेच घडते असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण मरेक्सची लस कोणी बंद केलेली नाही, हेही लक्षात घ्यावे लागेल. तिच्याशिवाय आजचा कुक्कुट व्यवसाय चालणारच नाही.

युरोपने लसीकडे वळायला बराच वेळ घेतला आणि वळल्यावर जे केले, ते भारताच्या दृष्टीने सर्वांत अभ्यासण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये २०२१-२२ च्या हंगामात १,३०० हून अधिक उद्रेक झाले आणि दोन कोटींवर पक्षी मारावे लागले. पुढील हंगामात उद्रेकांची संख्या सुमारे ४०० होती. रोगाचा मोठा भार नैर्ऋत्य फ्रान्समधील बदकांच्या दाट वस्तीवर होता. बदक हा या विषाणूचा जुना यजमान. लक्षणे दिसण्यापूर्वीच तो विषाणू मोठ्या प्रमाणावर बाहेर टाकू लागतो. म्हणून १ ऑक्टोबर २०२३ पासून फ्रान्सने २५० हून अधिक बदके असलेल्या फार्मवर लसीकरण सक्तीचे केले. पिल्लू दहा दिवसांचे असताना पहिली मात्रा आणि अठरा दिवसांनी दुसरी, असा क्रम ठरला. त्या हंगामात देशभरात उद्रेक झाले १०. शेजारच्या देशांतही त्या वर्षी विषाणूचा जोर कमी होता, त्यामुळे सगळे श्रेय लसीला देता येणार नाही. पण टुलूझच्या पशुवैद्यकीय विद्यालयातील संशोधकांनी हा घटक हिशेबात धरूनही घसरणीचा बहुतांश भाग लसीकरणाचाच असल्याचा निष्कर्ष काढला.

या यशाच्या बातम्यांत एक बाब सहसा शेवटच्या परिच्छेदात जाते, ती पहिल्यात यायला हवी. लस टोचलेल्या प्रत्येक कळपाची पशुवैद्याकडून दरमहा तपासणी होते, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि मेलेल्या बदकांचीही नियमित चाचणी होते. पहिल्या वर्षीच्या सुमारे १० कोटी युरो खर्चाचा ८५ टक्के वाटा सरकारने उचलला आणि त्या पैशांत या तपासणीचाही भाग मोठा होता. नंतरच्या हंगामांत सरकारने आपला वाटा कमी केला, तेव्हा उत्पादकांची कुरकुर सुरू झाली. शिवाय कवच बदकांपुरतेच आहे; फ्रान्समधील कोंबड्या आणि टर्की पूर्वीइतक्याच उघड्या आहेत.

व्यापाराने लगेच हिशेब मागितला. फ्रान्समध्ये पहिली सुई टोचली गेली, त्याच दिवसापासून अमेरिकेने फ्रान्समधून येणाऱ्या कुक्कुट उत्पादनांवर बंदी घातली. लसीआड विषाणू लपून येईल, हे कारण होते. जानेवारी २०२५ मध्ये ती उठली. जागतिक पशुआरोग्य संघटनेची भूमिका वेगळी आहे : पुरेशी पाळत असेल, तर लसीकरण आणि रोगमुक्त दर्जा एकत्र नांदू शकतात. लागण झालेला पक्षी आणि लस टोचलेला पक्षी यांतील फरक रक्ततपासणीत ओळखता येईल अशी पद्धत इटलीने २००० च्या सुमारास इलारिया कापुआ यांच्या पुढाकाराने वापरलीही होती. तरी खरेदीदार देशांचा विश्वास नियमांच्या मागे चालतो. अमेरिकेचेच पाहा. २०२२ पासून तेथे १६ कोटींहून अधिक पक्षी या रोगात गेले, मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा सरासरी दर सहा डॉलरच्या वर गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये एका कंपनीच्या लसीला सशर्त परवानाही मिळाला. पण ब्रॉयलर निर्यातदारांच्या विरोधामुळे ती कोंबड्यांना टोचली गेलेली नाही. अंडी उत्पादकांना लस हवी आहे, मांस उत्पादकांना नको आहे. मे २०२५ मध्ये जगातील सर्वांत मोठा चिकन निर्यातदार असलेल्या ब्राझीलच्या एका व्यावसायिक फार्मवर पहिला उद्रेक झाला आणि चीनसह अनेक देशांनी तत्काळ आयात थांबवली, तेव्हा ही भीती किती खरी आहे हेही दिसले.

भारताच्या संदर्भात मात्र हा व्यापारी आक्षेप गरजेपेक्षा जास्त वजनाने मांडला जातो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदके आहेत आणि २०२३-२४ मध्ये १४ हजार कोटींहून अधिक अंडी उत्पादित झाली. यातील अतिशय लहान भागच बाहेर जातो. आपली बहुतेक अंडी आणि चिकन आपणच खातो. तमिळनाडूतील नामक्कलसारख्या निर्यातक्षम पट्ट्यांसाठी तसेच महाराष्ट्र, तमिळनाडू, उत्तर प्रदेश व छत्तीसगड येथील ज्या ठरावीक फार्मना भारताने २०२३ मध्ये रोगमुक्त घोषित केले, त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करता येण्याजोगी आहे. खरी अडचण देशांतर्गत आहे.

नमुना तपासणीची साखळी पाहिली की ती समजते. पुणे, कोलकाता, बेंगळूरु, जालंधर आणि गुवाहाटी येथील विभागीय प्रयोगशाळा पहिला टप्पा सांभाळतात, परंतु अंतिम शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचे. ही संस्था उत्तम काम करते यात वाद नाही. पण आज तिच्याकडे येतात ते मुख्यतः मरतुकीचे नमुने. लसीकरण सुरू झाले की मरतुक हाच इशारा नाहीसा होईल. तेव्हा निरोगी दिसणाऱ्या हजारो कळपांतून, जिवंत पक्ष्यांच्या बाजारांतून आणि पाणथळ जागांतून महिनोन्‌महिने नमुने आणावे लागतील, त्यांची जनुकीय मांडणी करावी लागेल आणि ती लसनिर्मात्यांपर्यंत हंगामाआधी पोहोचवावी लागेल. आज अनेक फार्मची साधी नोंदणीही पूर्ण नाही, म्हणूनच एप्रिलच्या बैठकीत ती सक्तीची करण्याचे ठरले. लाळ्या-खुरकत रोगाच्या राष्ट्रीय मोहिमेत गायी-म्हशींच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आणि कोणत्या जनावराला कधी लस दिली ते संगणकात नोंदले जाऊ लागले. कोंबडीला बिल्ला लावता येत नाही. निदान तिच्या शेडला क्रमांक असायला हवा.

दुसरी अडचण विषाणूच्या वैविध्याची. भारत आणि बांगलादेश या पट्ट्यात २.३.२.१ए ही शाखा वर्षानुवर्षे रुजलेली आहे. २०२०-२१ च्या हिवाळ्यात, हिमाचलमधील पोंग जलाशयावर स्थलांतरित हंस मेले त्या सुमारास, २.३.४.४बी ही शाखाही येथे पोहोचली. २०२४ मध्ये कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात परतलेल्या एका बालकात आढळलेल्या एच५एन१मध्ये या दोन्ही शाखांचे आणि वन्य पक्ष्यांतील सौम्य विषाणूंचे जनुकीय तुकडे एकत्र आलेले होते. ते बालक सुदैवाने बरे झाले. मात्र युरोपात चाललेली लस जशीच्या तशी येथे चालेल, ही समजूत त्या एका नमुन्याने मोडीत काढली. येथील लस येथील विषाणूंवर बेतावी लागेल.

तिसरी अडचण पक्ष्याची आणि पाळणाऱ्याची. ब्रॉयलर सुमारे चाळीस दिवसांत विक्रीला जातो. त्याला दोन इंजेक्शने देणे खर्चाच्या आणि वेळेच्या हिशेबात बसत नाही. अंड्यांवरची कोंबडी दीड वर्षाच्या आसपास ठेवली जाते, तिच्याबाबत हिशेब वेगळा आहे. मरेक्सच्याच लसीतील निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर एच५चे प्रथिन बसवून एक दिवसाच्या पिलाला हॅचरीत देता येणाऱ्या लसी आता उपलब्ध आहेत आणि नेदरलँड्सने २०२५ मध्ये अंड्यांवरच्या कोंबड्यांत अशा लसीचा मर्यादित प्रयोग हाती घेतला. राणीखेत रोगाची लस डोळ्यात थेंब टाकून वा पाण्यातून देण्याची सवय असलेल्या आपल्या कुक्कुटपालकाला हॅचरीतच लसवलेले पिल्लू घेणे मुळीच अवघड नाही. परसातील दहा-बारा कोंबड्यांचे काय, याचे उत्तर मात्र कोणाकडेच नाही. आणि इजिप्तमध्ये मोहीम फसली ती याच ठिकाणी.

केरळमधील कुट्टनाडचा विचार या दृष्टीने आधी व्हायला हवा. समुद्रसपाटीखालच्या त्या भातखाचरांत कापणीनंतर बदकांचे हजारोंचे थवे सोडले जातात. सांडलेले दाणे आणि गोगलगायी खात ते एका पाडशेखरमहून दुसऱ्याकडे चालत राहतात. त्याच पाण्यावर स्थलांतरित पक्षीही उतरतात. २०१४ पासून अलप्पुझा आणि कोट्टायम जिल्ह्यांत पुनःपुन्हा उद्रेक झाले आणि प्रत्येक वेळी बदके मारली गेली. फ्रान्सच्या अनुभवातून काही घ्यायचे तर ते येथे, एका मर्यादित भागात, एका प्रजातीपुरते आणि दरमहा तपासणीच्या अटीसह घेता येईल. संपूर्ण देशासाठी लस खुली करण्यापेक्षा अशी सुरुवात परवडणारी आहे आणि फसली तरी आवरता येण्याजोगी आहे. फ्रेंच बदके बंदिस्त गोठ्यांत असतात आणि कुट्टनाडची चालती-फिरती, हा फरक लहान नाही. थव्याबरोबर पशुवैद्यालाही चालावे लागेल.

दरम्यान, एक प्रयोग देशात सुरू झालेलाच आहे. एच९एन२ विरुद्ध भोपाळच्या संस्थेने विकसित केलेल्या निष्क्रिय लसीला परवानगी मिळाली असून ती बाजारात उपलब्ध आहे आणि तिच्या परिणामांचा राष्ट्रीय पातळीवर अभ्यास करण्याचे केंद्राने जाहीर केले आहे. अंडी घटल्याने हैराण झालेल्या उत्पादकांकडून तिला मागणी असणार हे उघड आहे. चीनची पहिली हकिकत याच लसीची होती. सौम्य विषाणूची लस म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर आजार झाकलेला आणि विषाणू फिरता, ही स्थिती आपण स्वतःच्या हाताने निर्माण करू. या लसीबरोबर नमुने गोळा होतात का, बीज वेळेवर बदलले जाते का, यावरूनच पुढे एच५ची लस देण्याची देशाची तयारी ठरणार आहे.

थांबण्याचीही किंमत आहे. २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा आणि मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांच्या मुलीचा एच५एन१ने मृत्यू झाला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत एच५एन१ निघाला. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांत तो आढळला, लातूर जिल्ह्यातील उदगीरमध्ये कावळ्यांत. सस्तन प्राण्यांत त्याची प्रत्येक फेरी म्हणजे बदलण्याची आणखी एक संधी. अमेरिकेत गायींसाठीच्या लसीच्या क्षेत्रीय चाचण्यांना परवानगी देण्यात आली. जगातील सर्वाधिक दूध उत्पादन करणाऱ्या देशाने त्या निकालांकडे लक्ष ठेवणे ओघाने आलेच.

नष्ट करण्याच्या धोरणाचा एक दुबळेपणा कागदावर दिसत नाही, गावात दिसतो. भरपाई मिळते ती पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. करार पद्धतीच्या शेतीत पिल्ले कंपनीची आणि शेड व मेहनत शेतकऱ्याची असते, त्यामुळे ती कोणाला द्यायची, हाही प्रश्न उरतो. मरतुक सुरू होताच कळवण्याऐवजी उरलेले पक्षी रातोरात विकून टाकण्याचा मोह त्यातून होतो आणि विषाणू टेम्पोत बसून दुसऱ्या तालुक्यात पोहोचतो. लस आली तरी हा हिशेब बदलणार नाही. उलट, लस टोचलेल्या कळपात विषाणू सापडल्यावर तो कळप मारायचा की नाही आणि मारला तर पैसे कोणी द्यायचे, हे आधीच लिहून ठेवावे लागेल. भारताच्या आजच्या कृती आराखड्यात तो रकाना नाही.